आधी वाकायचं

एकोणीसशे पंचाहत्तर साली सरकारला अचानक बायकांची आठवण झाली. महिला वर्ष म्हणे. वरून कागद निघाला: गावोगावी महिलांसाठी स्वसंरक्षणाचं शिबिर घ्या, जपानी ज्युदो शिकवा, दहाव्या दिवशी बीडीओ साहेब जातीनं बघायला येतील. सरपंच माणिकरावांनी तो कागद दोनदा वाचला आणि गावात महिला नेमक्या कुठं सापडतील याचा विचार करत बसले.

कारण स्वतःच्या घरात त्या काही त्यांना सापडेनात. "आमच्या लेकीबाळी चारचौघांत कडब्यावर लोळतील व्हय? शोभतंय का?" असं म्हणून त्यांनी बुद्धवाड्यात निरोप धाडला. लोळायला तिथल्या पोरी चालत होत्या. शिबिराचा सेक्रेटरी म्हणून त्यांनी आपले चिरंजीव बन्सीधर यांना नेमलं. स्त्रियांच्या संरक्षणाचा त्यांच्याइतका अभ्यास पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. वालूरहून सेलूला जाणारी बस गावच्या फाट्यावर थांबायची, तिथं चिरंजीव रोज सकाळी अभ्यासाला उभे असायचे.

त्याच अभ्यासापायी सुलाचं कॉलेज सुटलं होतं. सुला म्हणजे बुद्धवाड्यातल्या तात्यारावची थोरली. मॅट्रिकला गावात पहिली आलेली, सेलूला पीयूसीत नाव घातलेलं. महिनाभर ती सुखानं गेली. मग बन्सीधरनं एक दिवस तिची पिशवी ओढून वह्या चिखलात फेकल्या आणि दुसऱ्या दिवशी वाट अडवून हात धरला. तात्याराव सडकेच्या गँगवर खडी फोडायचा. अंगानं धिप्पाड गडी, पण हे ऐकून त्यानं काय करावं? पोरीला घरी बसवलं. हात धरणारा मोकळा आणि जिचा धरला ती कोंडलेली, हा आपल्याकडचा जुना इन्साफ. त्याला दोन महिने झाले. आता कॉलेजातून पत्र आलं होतं, की एक तारखेपासून हजर झाली नाही तर नाव कमी होईल.

सुलानं बापाला गाठलं. "बाबा, मी शिबिराला जाते. सोताला सांभाळायला शिकले तर कालेजला धाडताल का?"

"बघू," तात्याराव म्हणाला. सुलानं ते 'हो' धरलं. दुसरं धरायला तिच्याकडं होतंच काय!

शिकवायला मुंजाजी हवालदार होता. धनगराच्या घरचा, पलटणीत वीस वर्षं काढून आलेला, ज्युदो तिथंच शिकलेला. माणूस कमी बोलायचा आणि कामाचं बोलायचा, त्यामुळं गावाला फारसा आवडायचा नाही. त्यानं शाळेच्या मोठ्या खोलीत कडबा पसरला, वर पोती, वर सतरंजी. ज्युदोत समोरच्याच्या जाड कोटाची गळपट्टी धरून त्याला पाडतात. असले कोट आणायचे कुठून? सुला काष्टा मारून, वर बापाचा गँगवरचा खाकी कोट चढवून आली.

पहिले सहा दिवस हवालदारानं नुसतं पडायला शिकवलं. हनुवटी छातीला लावायची, हात जमिनीवर सपकन आपटायचा. खिडक्यांना लोंबकळणारं पब्लिक हसून हसून बेजार. "पडायला शिकायचं म्हंजे कमालच हाय! आमी फुकटात पाडून दिलं असतं की," सेक्रेटरी खुर्चीत बसून सुपारी कातरत म्हणाले. सातव्या दिवशी पोरी एकमेकींना पाडायला लागल्या, तेव्हा खिडक्यांमधलं हसू जरा पातळ झालं.

आणि दर वेळी सगळ्यात आधी रेई. म्हणजे दोघांनी समोरासमोर उभं राहून कमरेतून वाकायचं. "एकटाच वाकला तर ती गुलामी," हवालदार सांगायचा. "दोघं वाकले तरच खेळ."

दहाव्या दिवशी बीडीओ साहेब आले, परभणीहून फोटोग्राफर आला. हार झाले, नारळ झाला, स्त्रीच्या महतीवर तीन पुरुषांची भाषणं झाली. आता प्रात्यक्षिक. त्यात गुंड कोण होणार, यावर गावाला फार डोकं चालवावं लागलं नाही. बन्सीधर खुशीत उठला. ठरलं होतं असं, की सुलानं नुसता हात लावायचा आणि यानं लटकंच पडायचं. फोटो पेपरात येणार होता ना!

"रेई," हवालदार म्हणाला.

बन्सीधर हसला. "मी? हिच्यापुढं वाकू?"

"वाकल्याबिगर खेळ न्हाई."

"राहू द्या हो हवालदार," माणिकराव खुर्चीतून म्हणाले. "एवढं काय त्याचं?"

"नियम हाय. पलटणीत कर्नल सायब बी वाकायचे."

दिवस आणीबाणीचे होते. नियम हा शब्द कानावर पडला की साहेबांना घाम फुटायचा. "अहो वाका ना, नियम आहे तर!" ते बन्सीधरवर खेकसले.

बन्सीधर वाकला.

"समोरचा वाकेस्तोवर मान वर करायची न्हाई," हवालदारानं बजावलं.

सुला वाकली नाही.

माणिकरावांच्या वाड्यापुढं तिचा आजा असाच कमरेत वाकून उभा राहायचा. आतली मंडळी जेवून, पान लावून, सवडीनं बाहेर यायची. पण सुलाच्या मनात त्या घडीला आजा नव्हता. तिला चिखलातल्या वह्या दिसत होत्या. मनगटावर तो हात अजून जाणवत होता. मागून बुद्धवाड्यातली म्हातारी मालनबाई खणखणीत आवाजात म्हणाली, "ऱ्हा उभी माय! कुठं बस चुकायलीय तुजी?"

फोटोग्राफरनं तेवढ्यात फोटो काढला. सगळ्या शिबिरात वेळेवर झालेलं काम ते एवढंच.

मग सुला वाकली, सावकाश. बन्सीधर लालबुंद होऊन ताठ झाला आणि ठरलेलं सगळं विसरून खरोखरच अंगावर धावला. गळपट्टी धरून त्यानं तिला जातीवरून शिवी हासडली. सुला गर्रकन वळली, कंबर त्याच्या पोटाखाली घातली आणि सेक्रेटरी धप्पकन पाठीवर आपटले. त्यांना श्वास घेता येईना. साहेबांनी मात्र जोरजोरात टाळ्या वाजवल्या. काय सुंदर अभिनय, म्हणाले.

सुला उड्या मारतच घरी आली. तात्यारावनं मागं उभं राहून सगळं पाहिलं होतं, आणि तिच्याआधी येऊन तो ओट्यावर डोकं धरून बसला होता.

"झालं का समाधान?" तो म्हणाला. "आता ते गप बसत्याल व्हय? उद्या फाट्यावर चौघं येत्याल. कालेजचं नाव काढू नको."

"बाबा, तुमी बघू म्हनला होता."

"बघितलं की!"

दहा दिवस कडब्यावर आपटून घेताना सुलाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता आलं. "दीक्षा घेतल्यापासून कुणापुढं वाकलो न्हाई, असं तुमी गावभर सांगता," ती म्हणाली. "मंग मला घरी बसवलंत, तवा काय केलंत?"

"सुले!" आई सरजाबाई चुलीपुढून ओरडली. आता हिच्या थोबाडीत बसणार, असं तिला वाटलं.

तात्यारावचा हात उठला नाही.

"वाकलो," तो म्हणाला. "अन् दोन महिने तसाच हाय."

सरजाबाईनं भाकरी तव्यावरच राहू दिली. सुलाला बापाकडं बघवेना.

"भ्या वाटतंय पोरी," तो म्हणाला. "लय भ्या वाटतंय." मग त्यानं विचारलं, "पैली बस किती वाजता ऱ्हाती?"