स्वयंपाकघरासकट आठवडा

परशुराम वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत खरेदी खात्यात होता, आणि खरेदी खात्यातला माणूस घरी आला तरी खरेदी खात्यातच असतो. स्क्रू घ्यायचे असोत नाहीतर बॉयलर, दोन-तीन ठिकाणचे भाव मागवायचे, मोठ्या कागदावर रकाने आखायचे, प्रत्येकाच्या अटी शेजारी शेजारी मांडायच्या आणि मग खाली सही करायची. डोंबिवलीच्या घरात मिक्सर असाच आला होता, मुलीची, मालूची, शाळाही अशीच ठरली होती. आपलं स्थळसुद्धा असंच कुठल्यातरी रकान्यातून पास झालं असणार, असा त्याच्या बायकोला, मंजुळाला, दाट संशय होता.

पंचाण्णव साली टाइमशेअरचं वारं सुटलं. एकदा पैसे भरायचे की हिल स्टेशनवर वर्षातला एक आठवडा आपल्या हक्काचा. रविवारी नवरा-बायकोने जोडीने कुठल्यातरी हॉलमध्ये जायचं, टाय लावलेल्या मुलाची टकळी ऐकायची, सामोसा खायचा आणि फुकटची भेटवस्तू घेऊन घरी यायचं. परशुरामने असे दोन हॉल पालथे घातले, एक घोडबंदर रोडवरचा आणि एक ठाणे स्टेशनजवळचा. मग डायनिंग टेबलावर त्याचा कागद पसरला.

पहिली कंपनी पाचगणीला हॉटेलासारख्या खोल्या देत होती. आठवडा दरवर्षी बदलून घेता यायचा, जेवणखाण खाली डायनिंग हॉलमध्ये. दुसरीचा महाबळेश्वरला सहा जणांचा फ्लॅट, डिसेंबरातला ठरलेला आठवडा, आणि आत गॅस, फ्रिज, भांडीकुंडी असलेलं स्वयंपाकघर. पहिलीचा करार पंचवीस वर्षांचा, दुसरीचा तेहेतीस.

पहिल्या कंपनीच्या मुलाने पडद्यावर एक चित्र दाखवलं होतं. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत एक बाई पाय पसरून बसलेली आणि तिच्या हातात चहाचा कप. तो चहा तिने स्वतः केलेला नव्हता, हे मंजुळाला बघताक्षणी कळलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यातून ती बाई जायला तयार नव्हती.

"पहिली घेऊया ना," ती म्हणाली. "वर्षभर करतेच की मी. ते सात दिवस फक्त गॅससमोर उभं राहायचं नाही, एवढंच."

"अगं, मग आईचं काय? तिला बाहेरचं चालतं का?"

झालं. या वाक्यापुढे त्या घरात कोणाचं काही चालत नसे. परशुरामची आई, गोदूबाई, घराबाहेरचं काही खात नाही, हे रत्नागिरीपासून डोंबिवलीपर्यंत सगळ्या गोतावळ्याला ठाऊक होतं आणि सगळ्यांना त्याचं कौतुकही होतं. कौतुकाला काय जातं? करायला मंजुळा होती. धाकट्या दिराच्या, तानाजीच्या लग्नात हॉलभर पंगती उठत होत्या आणि मंजुळा मागच्या खोलीत स्टोव्हवर सासूसाठी मूगडाळीची खिचडी ढवळत होती, अंगावर पैठणी. सोळा वर्षांत एक दिवस असा गेला नाही की तिने मनातल्या मनात म्हातारीच्या नावाने बोटं मोडली नाहीत.

परशुरामने दुसऱ्या कंपनीवर खूण केली. "शिवाय सहा जणांची सोय. तानाजीला पण नेऊ, त्याच्या पोराला पण."

पुढच्या डिसेंबरात ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोतून महाबळेश्वरची गाडी पकडली. परशुराम, मंजुळा, मालू, गोदूबाई, कल्याणहून आलेला तानाजी आणि त्याचा पोरगा. तानाजीच्या बायकोला बँकेतून रजा मिळाली नाही. ती नशीबवान, नाहीतर हुशार. मंजुळाच्या हातात कपड्यांची एक पिशवी होती आणि तांदळाच्या पिठाची, मसाल्याची, कोकमाची मिळून तीन.

फ्लॅट झकास होता. खिडकीतून दरी दिसायची, म्हणजे हॉलच्या खिडकीतून. स्वयंपाकघराची खिडकी जिन्याकडे उघडत होती. सकाळी पोहे, दुपारी भाकऱ्या, संध्याकाळी थंडी म्हणून भजी, रात्री पुन्हा भात-आमटी. मंडळी पॉइंट बघून यायची, गाल लाल करून, कडाडून भूक लागलेली. "हवाच अशी आहे, दुप्पट जेवण जातं," तानाजी म्हणायचा. मंजुळा मान हलवायची. तीन दिवसांत तिने एकही पॉइंट पाहिला नव्हता.

चौथ्या सकाळी मंडळी पोहे खाऊन बाहेर पडली आणि गॅस संपला. ऑफिसातला माणूस म्हणाला, सिलिंडर यायला तासभर लागेल. जप व्हायचा म्हणून मागे राहिलेल्या गोदूबाईंच्या पोटात अजून चहासुद्धा नव्हता. मंजुळा घाबरत म्हणाली, "आई, इथेही खाली डायनिंग हॉल आहे, तिथला नुसता चहा चालेल का? आणि एखादं केळं?"

"चल की," गोदूबाई म्हणाल्या आणि पायात चपला घालून तिच्याही पुढे निघाल्या.

खाली गेल्यावर नुसत्या चहावर भागलं नाही. म्हातारीने इडली घेतली. मग पुरी-भाजी. मग पलीकडच्या टेबलावर बघून पावाला लोणी आणि जॅम लावून घेतला, आणि बोटं चाटली. मंजुळा आ वासून बघत राहिली.

"आई, तुम्हाला बाहेरचं चालतं?"

"न चालायला काय झालंय?" गोदूबाई खाता खाता म्हणाल्या. "लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांच्याबरोबर चिपळूणला गेलेले. स्टँडवर मिसळीचा काय वास सुटला होता! मी म्हटलं, घेऊया. ह्यांना पैसे काढायचे नव्हते. बरोबरच्या माणसांना सांगून टाकलं, आमच्या हिला बाहेरचं चालत नाही. मग गावभर झालं. मग माणसं मान द्यायला लागली. गोदूबाई कडक, गोदूबाई सोवळी. दुसरं काय होतं गं माझ्याकडे मान द्यायसारखं? आणि परशाने तर कधी विचारलंच नाही."

मंजुळाला मागच्या खोलीतला स्टोव्ह आठवला, पैठणीला लागलेला रॉकेलचा वास आठवला. सोळा वर्षं ती चुकीच्या माणसाच्या नावाने बोटं मोडत होती. आणि तरीही तिला हलकं वाटलं. म्हातारी बोलली होती, आता हिनेच एक शब्द मुलाला सांगितला की उरलेले तीन दिवस, आणि पुढची सगळी वर्षं, गॅस पेटवायची गरज नव्हती. "आई, आज ह्यांना सांगाल ना?" तिने विचारलं. गोदूबाईंनी चहाचा घोट घेतला आणि "हां" म्हणाल्या.

सांगायची वेळ लगेच आली. पॉइंटवर धुकं होतं, काही दिसेना, म्हणून मंडळी अर्ध्या वाटेवरून परतली. डायनिंग हॉलच्या काचेतून आई दिसली तसा परशुराम आत आला.

"आई? तू इथे?"

गोदूबाईंनी जॅमची बशी मंजुळाच्या पुढ्यात सरकवली. पदराने तोंड पुसलं.

"मी कशाला येत्ये?" त्या म्हणाल्या. "गॅस संपला, तर हिलाच यायचं होतं. मी म्हटलं, तू खा, मी बसत्ये नुसती. मला कुठे चालतं बाहेरचं?"

परशुराम बायकोकडे बघत राहिला. पोरांसमोर तो ओरडला नाही, तो तसला माणूसच नव्हता. "गॅस संपला तर थांबायचं ना जरा," एवढंच म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवून आपण खायचं म्हणजे..." मंजुळाने सासूकडे पाहिलं. म्हातारी खिडकीबाहेर धुकं बघत होती.

वर सिलिंडर आला होता. मंजुळाने पदर खोचला आणि परात घेतली. थोड्या वेळाने गोदूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"माझं आज करू नकोस गं," त्या हळूच म्हणाल्या. "पोट तुडुंब झालंय."

मंजुळाने वळूनही पाहिलं नाही. तिने रोजच्याइतकंच पीठ घेतलं, आणि वर आणखी एक मूठ.

पानं मांडली. गोदूबाईंच्या ताटात तिने भाकरी वाढली, पिठलं वाढलं, भाताची मूद घातली.

"पुरे गं," गोदूबाई म्हणाल्या.

"पुरे कसं? सकाळपासून उपाशी आहात तुम्ही."

"घे ना आई," परशुराम म्हणाला. "घरचंच आहे."

म्हातारीने सुनेकडे एकदा पाहिलं आणि भाकरी मोडली. एकेक घास पाण्याबरोबर ढकलत होती. डोळ्यांत पाणी आलं तसं पिठलं तिखट झालंय म्हणाली. मंजुळा शेजारी हातात टोपली घेऊन उभी होती. तिला बरं वाटत होतं, चांगलंच बरं वाटत होतं, आणि त्याची तिला शिसारी आली होती. तरी ती हलली नाही.

"बघितलंस तानाजी?" परशुराम भुरका मारत म्हणाला. "घरचं म्हटलं की कशी जेवते आई! तो पाचगणीचा प्लॅन घेतला असता तर उपाशी राहिली असती." मग त्याने प्रेमाने आईच्या ताटाकडे बोट दाखवलं. "मंजुळा, अजून एक वाढ तिला."

मंजुळाने वाढली.