बावीस पौंडांचा कोट

मी लोकरीचा कोट आहे. गर्द हिरवा, गुडघ्याखाली चार बोटं येणारा. हडर्सफिल्डमधल्या एका अरुंद घराच्या दारामागच्या खुंटीवर माझं बहुतेक आयुष्य गेलं, आणि तिथं मी बावीस पौंडांचा कोट म्हणूनच ओळखला गेलो. मी बावीस पौंडांचा नाही. यात गर्व नाही हो, पण अठ्ठावीस वर्षं खुंटीवर टांगून घेतल्यावर एवढं तरी मोकळं बोलावंसं वाटतं.

माझं कापड नदीकाठच्या गिरणीत विणलं गेलं. मागावरून उतरलेलं कापड निर्दोष असतं असं लोक समजतात. तसं नसतं. कुठं धागा तुटलेला, कुठं गाठ, कुठं दोन धागे एकमेकांवर चढलेले. म्हणून ते आधी रफूखात्यात जाई. तिथं मोठ्या खिडक्यांपाशी उतरत्या मेजांशी बायका बसत आणि डोळ्यांआधी बोटांनी चूक शोधत. मेविस सग्डन त्यांच्यातलीच एक. तिनं माझ्यात अकरा जागी धागा भरला. त्या जागा मला ठाऊक आहेत, तिला ठाऊक आहेत, तिसऱ्या कुणाला सापडायच्या नाहीत. त्या कामाची परीक्षाच ती.

"हे कापड गजाला किती जातं, माहितीये?" शेजारची तिला विचारी.

"नको गं सांगूस. हात थरथरायचा माझा."

सगळ्या हसत. त्यांच्यातल्या एकीच्याही अंगावर ते कापड कधी चढलं नव्हतं.

पुढं माझा कोट झाला आणि मी लीड्सच्या एका मोठ्या दुकानात उभा राहिलो. किमतीची चिठ्ठी माझ्या बाहीत, आत वर सरकवलेली. किंमत विचारायची नाही, अशी तिथली रीत. विचारली की परवडत नाही असा त्याचा अर्थ. मग बायका काय करत? अस्तर किती मऊ आहे हे बघायच्या निमित्तानं बाहीत हात घालत, चिठ्ठी चोरून वाचत, आणि हात बाहेर काढून म्हणत, "सुंदरच आहे. जरा विचार करते हं." महाग आहे असं त्या दुकानात एकही बाई कधी बोलली नाही. आणि विचार करायला गेलेली एकही परत आली नाही.

मेविस परत आली. दोन शनिवार ती विचार करायला गेली होती. तिसऱ्या शनिवारी तिनं बाहीत हात घातला नाही. पाठीवरून बोटं फिरवली, एका जागी थांबली, आणि म्हणाली, "हा द्या."

"एकशे चाळीस पौंड, मॅडम," विकणारी बाई हळूच म्हणाली. डॉक्टर घरच्यांना बाजूला घेऊन आजार सांगतो, अगदी तसं.

त्याच आठवड्यात गिरणी बंद होणार असल्याची नोटीस लागली होती. सन एकोणीसशे एक्क्याण्णव.

घरी क्लिफर्ड, तिचा नवरा, बस चालवून नुकताच आला होता आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून बूट काढत होता. दोन वर्षांचा स्टुअर्ट एका बुटात चमचा घालत होता.

"अगं वा! नवा?"

"हो. सेलमध्ये होता."

"कितीला?"

"बावीस," मेविस म्हणाली.

तो आकडा कुठून आला, तिलाही कळलं नाही. क्लिफर्ड कंजूष नव्हता. तो ओरडलाही नसता. पण छत गळत होतं, तिची नोकरी जाणार होती, आणि खरा आकडा ऐकून तो काहीएक न बोलता चहाचं पाणी ठेवायला गेला असता. ते तिला सोसलं नसतं. मी तिच्या अंगावर होतो, म्हणून मला हे ठाऊक.

क्लिफर्डचा चेहरा मात्र उजळला. "बावीस? एवढ्या कोटाला? थांब, फिर बघू जरा." ती फिरली. "अजून एकदा." ती पुन्हा फिरली. गेल्या दोन वर्षांत त्यानं तिला इतकं निरखून पाहिलं नव्हतं. आता खरं कुठल्या तोंडानं सांगायचं?

तिथून माझी कीर्ती पसरली. या लोकांची एक गंमत आहे. तुम्ही त्यांच्या एखाद्या वस्तूचं कौतुक केलंत की ते धन्यवाद म्हणून थांबत नाहीत. लगेच ती किती स्वस्तात मिळाली ते सांगतात. "छान आहेत गं शूज." "हे? छे, सहा पौंड, बाजारात." जणू छान दिसणं हा आरोप आहे आणि कमी किंमत हा पुरावा. जेवढी किंमत कमी, तेवढी बाई निर्दोष.

बाकी किमतींचं त्यांना वावडं मुळीच नाही. शेजारचं घर कितीला गेलं यावर रविवारचं अख्खं जेवण निघतं. पेट्रोल, बटाटे, बसचं तिकीट, सगळ्याचे आकडे तोंडपाठ. पण कोण किती कमावतो, हे सख्ख्या भावाला विचारणार नाहीत. छत दुरुस्त करणारा आला तेव्हा त्यानं वर पाहिलं, दातांतून लांबलचक श्वास ओढला आणि डोकं हलवलं. आकडा त्यानं नंतर सांगितला, पण क्लिफर्ड श्वासाच्या लांबीवरूनच खुर्चीत बसला होता.

कोटाचं कौतुक कुणी केलं की मेविसला उत्तर द्यावंच लागत नसे. क्लिफर्डच द्यायचा. "बावीस पौंड! विश्वास बसतोय?" पुढं पुढं त्यात तपशील आले. आतून छोटा डाग होता म्हणे. शेवटचा राहिला होता म्हणे. दुकानदार वीसलाच देत होता, पण हिनंच वर दोन दिले म्हणे. मेविस तेवढा वेळ माझं वरचं बटण उघडबंद करत राही. ते बटण दोनदा तुटलं.

वर्षं गेली. स्टुअर्टचं लग्न झालं. फिलिपा दक्षिणेकडची, मोजकं बोलणारी, सगळं बघणारी. सासूला नावानं हाक मारायची इथली पद्धत, पण ते नाव तिच्या जिभेवर येईना. मग ती हाकच मारत नसे. मेविसच्या समोर जाऊन उभी राही आणि म्हणे, "जरा मीठ देता?" या घरात कुणाची खुर्ची कुठली, कुठला कप कुणाचा, कशाला हसायचं, हे ती शिकत होती. नव्या घरात माणूस ऐकलेलं सगळं शब्दशः खरं धरतो. दुसरं काय धरणार?

पहिल्या हिवाळ्यात मेविसनं तिचं पातळ जाकीट पाहिलं, आणि एका रविवारी मला खुंटीवरून काढून तिच्या हातात दिलं.

"हा घे तुला. जुनाच आहे."

"अहो, पण तुमचा आवडता..."

"कसला आवडता! बावीस पौंडांचा तर आहे. काही विशेष नाही बघ. नाही आवडला तर देऊन टाक कुणाला, मला काही वाटणार नाही."

"मनापासून सांग हं पोरी," क्लिफर्ड आतून ओरडला. "ही काय, अजून एक आणेल सेलमधून!"

"खरंच, देऊन टाक," मेविस पुन्हा म्हणाली. माझी कॉलर मात्र तिच्या मुठीत होती. ती सोडायला तिला अंमळ वेळ लागला. फिलिपा तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. मुठीकडे बघायला हवं होतं.

फिलिपाला माझ्या बाह्या आखूड झाल्या. त्यांच्या दोन खोल्यांत कपाटही एकच. तिनं मला चार आठवडे खुर्चीच्या पाठीवर ठेवलं, रोज अपराधी नजरेनं पाहिलं, आणि शेवटी सासूनं सांगितलं होतं तेच केलं. बाजाररस्त्यावरच्या धर्मादाय दुकानात जुने कपडे घेतात, तिथं मला घडी करून देऊन आली. तिच्यावर राग धरायचं कारण मला नाही. तिनं सांगितलेलं ऐकलं, इतकंच.

दुकानात पॉलीन नावाची बाई बिनपगारी काम करी. तिनं मला उलटंपालटं करून पाहिलं आणि कागदाच्या तुकड्यावर आठ पौंड लिहून कॉलरला टाचणीनं अडकवलं. तिथं किंमत लपवत नाहीत. तिथं लोक उघडच म्हणतात, "सहाला देता?" आणि मग स्वतःच लाजतात, कारण पैसे म्हाताऱ्यांच्या मदतीला जायचे असतात.

नवव्या दिवशी मेविस खिडकीबाहेर थांबली. हातात कोबी होता. तिनं मला पाहिलं आणि माझं आतलं अस्तर लाजलं.

ती आत आली तेव्हा एका उंच बाईनं माझ्या एका बाहीत हात घातलेला होता.

"आठ म्हणजे तसं रास्तच आहे," उंच बाई आरशात बघत म्हणाली.

"फारच रास्त," पॉलीन म्हणाली. "जुन्या धाटणीचा आहे, पण ऊब असेल."

मेविस पुस्तकांच्या फळीपाशी उभी राहिली. एक पुस्तक तिनं उलटं धरलं होतं. 'तो माझा आहे' एवढंच म्हणायचं होतं, पण ते त्या दुकानात कसं म्हणणार? तिनंच देऊन टाक म्हणून सांगितलं होतं. सुनेचं नाव दुकानात निघालं असतं. आणि माझी खरी किंमत सांगावी, तर पॉलीननं आठ खोडून साठ केले असते आणि मेविसकडे त्या दिवशी कोबी घेऊन अकरा पौंड उरले होते.

उंच बाईनं दुसरी बाही चढवली. बटण लावलं. काढलं. "सुंदर आहे," ती म्हणाली. "जरा विचार करते हं."

देवाशपथ सांगतो, हे वाक्य इतकं गोड मला कधीच लागलं नव्हतं.

दार बंद व्हायच्या आत मेविस गल्ल्यापाशी होती.

"पिशवी देऊ, बाई?"

"नको. अंगावरच घालते."

पुढच्या रविवारी स्टुअर्ट आणि फिलिपा जेवायला आले. फिलिपानं दार लावलं, वळली, आणि खुंटीवर मी. तिचा चेहरा मानेपासून लाल होत वर गेला. मेविसनं ते पाहिलं. दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि ताटं काढू लागल्या.

भाजलेलं मांस वाढलं गेलं, रस्सा फिरला. स्टुअर्टनं पेट्रोलचा भाव काढला. कोपऱ्यावरचं घर दोन लाख दहा हजारांना गेल्याचं क्लिफर्डनं सांगितलं, ते दोनदा. जेवणाच्या खोलीचं दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. फिलिपा वाटाणे एकेक करून खात होती.

"अरेच्चा," क्लिफर्ड अचानक म्हणाला, "बावीस पौंड परत आले वाटतं! का गं पोरी, आवडला नाही होय?"

फिलिपानं काटा ठेवला. "मी तो दुकानात देऊन टाकला," ती म्हणाली. "मला वाटलं... तुम्ही म्हणालात की... मला माफ करा, मेविस."

पहिल्यांदाच तिच्या तोंडून नाव आलं होतं.

"तुझी काही चूक नाही," मेविस म्हणाली. "मीच सांगितलं होतं. मी आठला परत आणला."

"आठ!" क्लिफर्डनं टेबलावर हात मारला. "म्हणजे दोन्ही मिळून तीसच झाले की. अजून स्वस्तच!"

"एकशे चाळीस," मेविस म्हणाली.

"काय एकशे चाळीस?"

"कोट. तेव्हा. सेल नव्हता."

स्टुअर्ट चघळायचा थांबला. क्लिफर्डनं बायकोकडे पाहिलं, मग खुंटीकडे, मग पुन्हा बायकोकडे.

"डाग होता ना आतून?"

"डाग तूच घातलास, क्लिफर्ड."

"अठ्ठावीस वर्षं," तो हळूच म्हणाला, "मी अख्ख्या डेपोला सांगत फिरलो. का नाही बोललीस?"

"तू किती खूश झाला होतास. मला दोनदा फिरायला लावलंस." तिनं रुमाल घडी केला, उलगडला. "एकशे चाळीसचा म्हटलं असतं, तर लावलं असतंस?"

क्लिफर्ड विचारात पडला. खोटं बोलणं सोपं होतं, आणि त्या टेबलावरच्या प्रत्येकाला तेच हवं होतं.

"नाही," तो म्हणाला. "तेव्हा नसतं लावलं."

मेविसनं मान हलवली. ती रडली नाही. उलट बरीच वर्षं पाठीला टोचणारी टाचणी कुणी काढावी तशी ती ताठ बसली. फिलिपा म्हणाली, "मेविस, मला तो परत द्याल का? बाह्या लांब करून घेईन मी."

सासूनं सुनेला म्हणायचं ते तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. घे की, काय विशेष आहे त्यात. पण ती म्हणाली, "नाही गं. मला हवाय तो. मी गेल्यावर घे."

फिलिपा हसली. खळखळून हसली. या घरात कशाला हसायचं ते तिला बहुधा त्या दिवशी कळलं.

आता माझं अस्तर काखेत विरलंय आणि बाहीच्या कडा झिजल्यात. क्लिफर्ड अलीकडे क्लबात सांगतो, "एकशे साठचा कोट आहे तिचा, सेलबिल काही नाही!" त्यावर काय बोलावं ते तिथं कुणालाच सुचत नाही, कारण अशा गोष्टीला उत्तर द्यायची रीतच त्यांच्यात नाही. वीस पौंड त्यानं वाढवलेत, हे मेविस त्याला सांगत नाही.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या अंगावरच्या कपड्याचं कुणी कौतुक केलं, तर त्याच्यासमोरच त्याचा भाव पाडू नका. आम्हाला ऐकू येतं.

गेल्या मंगळवारी बसच्या थांब्यावर शेजारची आयरीन भेटली. तिनं माझी बाही चिमटीत धरली. "मेविस, काय सुरेख कोट आहे गं!"

"थँक यू," मेविस म्हणाली.

आयरीन पुढच्या वाक्याची वाट बघत उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मग बस आली.