शेजारणीकडे चौकशी

नवसाबाईने ओटीतला झेंडू क्रेटमध्ये ओतला, तेव्हा विंचूरचे पाहुणे शेजारच्या निवृत्तीच्या ओट्यावर टेकले होते. त्याच्या मुलीला, उज्वलाला बघायला आले होते. थोड्या वेळाने मुलाचे मामा, गोरक्ष, पाणी मागायच्या निमित्ताने बांध ओलांडून इकडे आले. सोयरीक करायची तर शेजारी चौकशी करायचीच. ही घटका यावी म्हणून नवसाबाई देव पाण्यात घालून बसली होती.

तीन वर्षांपूर्वी याच बांधावर पोलिसांनी गांजाची दोन झाडं उपटली. पंच म्हणून निवृत्तीला बोलावलं आणि त्याने बेधडक नवसाबाईच्या नवऱ्याकडे, बहिरूकडे बोट दाखवलं. बहिरूला पाच वर्षांची शिक्षा झाली. अपील पडून होतं. त्यांच्या छायाला बघायला येणारे ‘गांजावाल्याची पोर’ हे ऐकून चहा न घेताच उठत. सांगणारं गाव शिवरात्रीला भांग पिऊन झिंगणारं, आणि त्यात निवृत्ती सगळ्यांच्या पुढे. मेल्याचं वाटोळं होवो, असं ती रोज उघड म्हणायची.

“ताई, घराणं कसं हाय?” गोरक्षमामांनी हळूच विचारलं.

“जमीन हाय, विहिरीला पाणी हाय.”

“आन् माणसं?”

नवसाबाईने मुद्दाम आवाज चढवला.

“माझा मालक जेलात हाय, गांजाच्या दोन झाडांपायी. झाडं कोणाची व्हती, ते निवृत्तीभाऊंना विचारा. पंच तेच व्हते.”

ओट्यावरच्या पाहुण्यांच्या माना इकडे वळल्या. निवृत्ती हसायला गेला, पण हसू काही फुटेना.

“जुनं प्रकरण हाय ते, पाव्हणं. कोर्टानं...”

“आमची व्हती,” चहाचा ट्रे घेऊन दारात आलेली उज्वला म्हणाली. “आबांनी बैलाच्या औषधाला लावली व्हती. मीच पाणी घालायचे.”

निवृत्तीचं तोंड पांढरंफटक पडलं. हे तोंड बघण्यासाठीच नवसाबाई इतके दिवस तग धरून होती; तिने ते डोळे भरून पाहिलं. पाहुणे चपला शोधू लागले.

नवसाबाई बांध ओलांडून तिच्यापाशी गेली.

“पोरी, हेच आमच्या वकिलापुढं सांगशील?”

उज्वलाने होकारार्थी मान हलवली.

“मग चल. द्वारका चौकात बसतो तो.”

निवृत्ती आडवा आला. नवसाबाईने उज्वलाच्या हातातला ट्रे घेतला आणि त्याच्या हातात दिला.

“तुम्ही थांबा, भाऊ. पाव्हण्यांना चहा द्या.”