मागचा सुळका

क्लेटनच्या पदरात पडणार होतं ते एवढंच: गावच्या शिकार मंडळाच्या कॅलेंडरवरचं ऑक्टोबरचं पान. पण मॉन्टॅनातल्या त्या गावात ऑक्टोबर म्हणजे मानाचं पान. न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्यात कॅलेंडर टांगलं की लोक मे महिन्यातसुद्धा ते पान उलटून बघायचे. सलग सहा वर्षं त्यावर फेरिस खाटीकच हसत बसलेला.

सातव्या वर्षी क्लेटनने एल्क पाडला. घोड्याएवढं हरीण, शिंगांना दोन्हीकडे सात-सात फाटे. जागा मात्र ऑर्विलकाकांची. सरकारी जंगलातलं ते खोलगट कुरण काकांनी चाळीस वर्षं सख्ख्या भावालाही दाखवलं नव्हतं. पुतण्याला दाखवलं, कारण गुडघे गेल्यावर मांस वाहायला कोणीतरी हवंच होतं; आणि त्या गुडघ्यांना झेपेल अशी तेवढी एकच वाट उरली होती.

"काका, फोटो काढा की."

"झाडाला टेकव त्याला. माझे सगळे फोटो झाडापुढचेच."

"म्हणून तर तुमचे एल्क गोठ्यातल्या गाईसारखे दिसतात."

क्लेटनने सगळं निगुतीने केलं. नाकावरचं रक्त ओल्या गवताने पुसलं, लोंबणारी जीभ आत दडपली, मान वळवून शिंगं मोकळ्या आभाळावर आणली आणि आपण मागे बसला. "खाली व्हा काका. अजून खाली. शिंगं उंच दिसली पाहिजेत."

"उठवायला तुलाच यावं लागेल, सांगून ठेवतो." कण्हत कण्हत म्हातारा फोन घेऊन पोटावर आडवा झाला. "मागे काय येतंय रे? या उन्हात मला काही दिसत नाही."

क्लेटनने मान वळवली. मागे तुटक्या दाढेसारखा सुळका उभा होता. त्या मुलखात तसा दुसरा नव्हता.

"नुसतं आभाळ," तो म्हणाला.

घरी त्याने फोटो कापून पाहिला. सुळका काढावा तर शिंगांची टोकं जात होती. दोन दिवस घोळ घातला आणि मग होता तसा पाठवून दिला. सुळका कोण बघतंय? लोक शिंगं बघणार.

शिंगं बायकापोरांनी बघितली. शिकाऱ्यांनी चष्मा लावून मागचं बघितलं.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या सकाळी वाटेच्या तोंडाशी अकरा गाड्या उभ्या होत्या. पहिली फेरिसची. त्याने काच खाली केली. "ऑर्विल, फोटो झकास काढलास हं! तूच काढलास ना?"

काकांनी वर डोंगराच्या धारेकडे पाहिलं. एवढ्या वर्दळीत एल्क केव्हाच धार ओलांडून पलीकडच्या उभ्या कड्यात उतरले होते.

"काका, मी तेव्हा..."

"मी विचारलं होतं तुला." काकांनी थर्मासचं झाकण फिरवलं. "जाऊ दे. बटण मीच दाबलं. कॉफी घे, निवतेय."

क्लेटनने ती घेतली. 

क्लेटनला पान मिळालं, फेरिसला कुरण. एल्कांना पलीकडे चारा होताच. कडा क्लेटनलाही चढता आला असता. किंमत मोजली ती एकट्या काकांनी. त्यांची बंदूक त्या वर्षी खोळीतून निघाली नाही, नंतरही नाही. नोव्हेंबरात क्लेटन त्यांच्याकडे गेला, तर स्वयंपाकघरातल्या मंडळाच्या कॅलेंडरवर अजून सप्टेंबरच होता.