धुरपताबाईची माफी

गोंदियाजवळच्या मुर्रीत ज्याला स्वतःला भांडता येत नसे तो धुरपताबाईच्या दारात यायचा. काय झालं ते सांगायचा, आणि धुरपता पदर खोचून त्याच्यासोबत निघायची. नळावर कुणी नंबर मोडलेला असो, नाहीतर शिंप्यानं ब्लाउज तंग शिवलेला असो, तिला कुठलंही भांडण चालायचं. एकदा तिरोड्याच्या बसमध्ये कंडक्टरनं एका म्हातारीचं वांग्यांचं पोतं चढवायला नाही म्हटलं. धुरपताला त्या बसनं जायचंही नव्हतं, ती आपली रस्त्यानं चालली होती. पण थांबली. तिचं बोलणं संपलं तेव्हा वांगी कंडक्टरच्या सीटवर होती आणि कंडक्टर दाराशी उभा होता.

या कामाचं ती काही घेत नसे. कुणी खुशीनं भोपळा आणून दिला तर संध्याकाळच्या आत त्याच्या घरी वाटीभर काहीतरी परत पोचायचं. कुणाचं फुकटचं अंगावर ठेवायचं नाही, हा तिचा बाणा होता. नवरा खुशाल गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये हमाली करायचा. दिवसभर मशीनच्या घरघरीत उभं राहून तो संध्याकाळी घरी यायचा, तेव्हा आवाजात त्याला फारसा फरक जाणवत नसे.

मग गल्लीच्या टोकाला उदाराम राहायला आला. हा आधी लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा. पुढे येशूच्या मार्गाला लागला, शिकून पास्टर झाला, पण हाताचा जोर काही कमी झाला नाही. दर रविवारी त्याच्या अंगणात थोडे विश्वासी जमायचे, गाणी म्हणायचे, आणि उदाराम ढोलक असा बडवायचा की समोरच्या घरातली भांडी फळीवर थरथरत. नेमकी त्याच सुमारास धुरपताची म्हैस राणी दूध चोरायला लागली, पान्हाच सोडेना. कारण शोधायला धुरपताला वेळ लागला नाही. रविवारी सकाळी ती पदर खोचून उदारामच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

पण गाणं सुरू होतं, आणि ढोलकच्या वर आवाज चढवून भांडणं तिलाही जमेना. हे संपू दे, मग बघते, असं तिनं ठरवलं. ते गाणं संपलं आणि दुसरं सुरू झालं. कुणीतरी तिला बसायला चटई दिली. कुणी चहा आणून दिला. हातात गरम कपबशी असली की कमरेवर हात ठेवता येत नाही, त्यामुळे तिचा अर्धा जोर तिथंच गेला. शेवटी गाणी थांबली आणि ती तोंड उघडणार, तेवढ्यात उदारामच म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी कायची प्रार्थना करू?"

"माह्या म्हशीसाठी करा," धुरपता म्हणाली. तिनं टोमणा मारला होता.

उदारामला टोमणे कळत नसत. त्यानं डोळे मिटले, बाकीच्यांनीही मिटले, आणि तो मनापासून बोलायला लागला. "हे प्रभू, ह्या बाईच्या म्हशीवर दया कर. आन ह्या बाईवरही कर बाप्पा, ते लय थकली हाये."

धुरपतानं कपबशी खाली ठेवली. आजवर लोकांनी तिला काय काय म्हटलं होतं, पण तू थकली आहेस असं कुणी म्हटलं नव्हतं. आणि ते खरंच होतं. साऱ्या गल्लीची भांडणं डोक्यावर घेऊन ती इतकी थकली होती की रात्री झोपेतही तिच्या मुठी वळलेल्या असत. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चुलीचा धूर लय होतो तुमच्याकडे, असं ती उदारामच्या बायकोला म्हणाली. चूल मागच्या बाजूला होती आणि कधीच विझली होती.

दुसऱ्या दिवशी राणीनं भरपूर दूध दिलं. त्या सकाळी आपण तिला सरकीची ढेप जास्त घातली होती असं खुशालचं म्हणणं होतं, पण ते त्यानं मनातच ठेवलं. धुरपता पुढच्या रविवारी राहिलेलं भांडण पुरं करायला गेली. त्याच्या पुढच्याही रविवारी गेली. असं करत करत सबंध पावसाळा गेला, भांडण काही पुरं झालं नाही, आणि दिवाळीनंतर तिनंच उदारामला सांगितलं की मले बाप्तिस्मा घ्यायचा हाये.

जानेवारीत सगळे काळी-पिवळी जीप करून बोदलकशाच्या तलावावर गेले. पाणी एवढं गार होतं की काठावरच्या विश्वासी लोकांचे दात आमेनच्या आधीच वाजत होते. उदाराम कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला आणि त्यानं धुरपताच्या डोक्यावर हात ठेवला.

"पास्टरभाऊ, मी सांगतल्यावर बुडवजा," धुरपता म्हणाली.

"बरं ताई."

"अजून नाही सांगतलं."

"नाही बुडवत ना."

"माहं नाक धरतो आधी. थांबा. हात नका दाबू. आता मी..."

तिचं वाक्य पुरं होईपर्यंत कुणी जिवंत राहणार नाही असं उदारामला वाटलं असावं. त्यानं तिला बुडवलं. ती खोकत, नाकातोंडातून पाणी काढत वर आली, आणि आता पास्टरचं काही खरं नाही असं समजून काठावरचे दोघेजण मागे सरकले. पण धुरपता तशीच उभी राहिली. समोर तलाव पसरला होता, वर आभाळ होतं, आणि तिच्या छातीत सकाळपासून नव्हे, कित्येक वर्षांपासून आवळलेलं काहीतरी सैल झालं होतं. तिरोडा येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. बरं नाही वाटत का, म्हणून खुशालनं गाडीत तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

आता बाईत बदल होणार अशी सगळ्यांची अपेक्षा होती, आणि तो झालाच. उसनं भांडण मागायला आलेल्या माणसांना तिनं हात जोडून परत पाठवलं. मग एका रविवारी उदाराम क्षमेवर बोलला. ज्यांनी आपलं वाईट केलं त्यांना माफ करा, मन मोकळं करा, असं त्यानं सांगितलं. धुरपतानं ते ऐकलं, घरी आली, जेवली आणि माफ करायला निघाली.

पहिल्यांदा ती दुर्गाप्रसादच्या किराणा दुकानात गेली. दुकानात गिऱ्हाईक भरलेलं होतं. ती मागूनच मोठ्यानं म्हणाली, "दुर्गाप्रसाद, तुले मी माफ केलं."

दुर्गाप्रसाद हातातला तराजू खाली ठेवत म्हणाला, "अरे भाभी, मैंने क्या किया?"

"तुरीच्या डाळीत गोटे टाकते ना तू. ते माफ केलं. तेलात पाम मिसळवते, तेही माफ. प्रभू तुह्यं भलं करो."

ती मन मोकळं करून निघून गेली आणि मागे दुकानातली गिऱ्हाइकं आपापल्या पिशव्या उघडून डाळ तपासायला लागली. तिथून ती शेजारच्या सुशिलाबाईकडे गेली आणि आपल्या लोणच्याला नावं ठेवल्याबद्दल तिला माफ केलं. सुशिलाबाई म्हणाली की मी नावं ठेवलीच नाहीत, ते तुझ्या नणंदेनं ठेवली. मग नणंदेला माफ करावं लागलं. नणंदेनं तिसरीचं नाव घेतलं. दिवेलागणीपर्यंत धुरपतानं अर्धी गल्ली माफ केली होती आणि त्या अर्ध्या गल्लीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ती मात्र हलक्या मनानं घरी येऊन शांत झोपली.

दुसऱ्या दिवशी दुर्गाप्रसाद आणि सुशिलाबाई उदारामच्या दारात येऊन उभे राहिले. दोघंही काही ख्रिस्ती नव्हते, पण तक्रार दुसरीकडे कुठं न्यायची हे त्यांना कळेना.

"पास्टरजी, इनको पहले जैसा कर दो," दुर्गाप्रसाद म्हणाला.

"भांडत होती तवा एका टायमाले एकाशी त भांडे," सुशिलाबाई म्हणाली. "माफ कराले लागली त सारी गल्ली पेटवली तिनं. माह्या घरात पोरीचं, रेणूचं, लगन हाये बाप्पा दोन महिन्यानं. तोवर तिले माफी बंद कराले सांगा."

उदारामनं धुरपताला बोलावून घेतलं. "ताई, तुमी माफी वाटून राहिल्या का वसुली करून राहिल्या?"

"तुमीच सांगतलं ना माफ करा म्हणून."

"सांगतलं. पण तुमाले कधी कोनी माफ केलं का?"

"मले कायले कोन माफ करन? मी कोनाचं ठेवतच नाही."

"प्रभूचं त ठेवा थोडं. कृपा म्हंजे तेच ना, जे परत करता येत नाही."

"परत करता येत नाही त घ्यायचं कायले?" धुरपतानं विचारलं, आणि हा प्रश्न तिला खरोखरच पडला होता. उदारामनं समजावून पाहिलं, उदाहरणं दिली, शेवटी सुस्कारा टाकून ढोलक पुसायला घेतली.

एप्रिल लागला. सुशिलाबाईच्या अंगणात लग्नाची तयारी सुरू झाली. तिनं बायका जमवून गव्हाचा चीक शिजवला आणि कुरड्या घातल्या. दोन खाटांवर लुगडी अंथरून त्या वाळत टाकल्या, तिसऱ्या खाटेवर तांदळाचे पापड टाकले आणि ती दुपारी जरा आडवी झाली. धुरपता गोठा झाडत होती. तिनं मागे वळून पाहिलं तर दावं होतं आणि राणी नव्हती.

ती धावत सुशिलाबाईच्या अंगणात पोचली तेव्हा राणीनं पहिल्या खाटेवरच्या कुरड्या संपवल्या होत्या, दुसऱ्या खाटेजवळ बैठक मारून, शेपटीपर्यंत निवांत होऊन ती रवंथ करत होती, आणि पापडाची खाट तिच्या धक्क्यानं उलथली होती. एक कुरडई तिच्या शिंगावर अडकली होती, नवरीच्या वेणीत फूल माळावं तशी.

अंगणात कुणी नव्हतं. आणि धुरपताच्या डोक्यात आपोआप सगळं जुळायला लागलं. म्हशीच्या वाटेत खाटा टाकल्या कुणी? फाटक उघडं ठेवलं कुणी? राखणीला माणूस का नाही? आणि वाळत घातलेल्या चिकाच्या वासानं मुका जीव येणार नाही तर काय करणार? असं बिनतोड भांडण तिला जन्मात सुचलं नव्हतं. म्हैस आजारी पडली तर जबाबदार कोण, इथपर्यंत ती पोचली होती, तेवढ्यात सुशिलाबाई डोळे चोळत बाहेर आली.

तिनं खाटा पाहिल्या. राणीला पाहिलं. मग मटकन ओट्यावर बसली.

धुरपतानं तोंड उघडलं. सगळे मुद्दे जिभेवर रांगेत उभे होते. पण सुशिलाबाईच्या हातांकडे तिचं लक्ष गेलं. चीक घोटून घोटून तळवे लाल झाले होते, एका बोटाला चिंधी बांधली होती. ते हात मांडीवर तसेच उताणे पडले होते.

"माह्यं चुकलं," धुरपता म्हणाली.

भांडायच्याच आवाजात म्हणाली, कारण दुसरा आवाज तिच्याकडे नव्हता. तो ऐकून गल्लीतली दारं धडाधड उघडली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी होणार म्हणून माणसं कुंपणाला येऊन टेकली. दुर्गाप्रसाद दुकान पोराच्या भरवशावर टाकून आला.

"दावं ढिलं माह्यंच होतं," धुरपता ओरडली. "माह्या म्हशीनं खाल्लं. चूक माह्यी हाये."

सुशिलाबाईनं उलथलेल्या खाटेकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "जाऊ दे व."

"जाऊ दे म्हंजे?"

"म्हंजे जाऊ दे. माफ केलं तुले."

"असं कसं माफ? शिव्या दे ना मले."

"नाही देत."

"मी नव्या करून देतो. उद्याच चीक काढतो."

"नको. मी करन हळूहळू. तुह्या म्हशीले माह्या कुरड्या आवडल्या, एवढं पुरे." असं म्हणताना सुशिलाबाईला राणीच्या शिंगावरची कुरडई दिसली आणि ती हसायला लागली. एकदा हसली ती थांबेचना. कुंपणावरची माणसंही हसली.

धुरपताला मात्र काही सुचेना. तिनं म्हशीचं दूध देऊ केलं, भांडी घासायला येते म्हणाली, अखेर म्हैसच ठेवून घे म्हणाली. सुशिलाबाई प्रत्येक गोष्टीला नको म्हणत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. परत करायची एकही वाट उरली नाही तेव्हा धुरपता त्या उलथलेल्या खाटेशेजारी जमिनीवर बसली. उदाराम एवढे दिवस जे सांगत होता ते हेच, हे तिच्या ध्यानात आलं. इतकं मोठं काही मिळालं होतं आणि त्याच्या बदल्यात द्यायला तिच्याकडे काहीच नव्हतं. लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या आतून बोदलकशाच्या पाण्यात वाटलं होतं तसंच काहीतरी वाटत होतं, त्याहून जास्त. ती रडायला लागली. या वेळी तिनं धुराचं नाव घेतलं नाही.

"आता काऊन रडून राहिली?" सुशिलाबाईनं विचारलं.

"मले नाही जमत व घ्यायले," धुरपता म्हणाली.

"त शिक ना हळूहळू. आधी ती म्हैस उठव."

राणीला उठवायला पाचजण लागले.

त्यानंतर धुरपता ज्या ज्या घरी माफ करायला गेली होती त्या त्या घरी परत गेली, आणि या खेपेला माफी मागून आली. दुर्गाप्रसाद तिला येताना पाहून शटर अर्धं खाली ओढायला लागला होता. तिचं ऐकून झाल्यावर त्यानं घाबरतच गुळाची भेली तिच्या हातात ठेवली. ती तिनं घेतली. घरी आणून फळीवर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसली. वाटीत काही भरून परत पाठवायला तिचे हात नुसते शिवशिवत होते. खुशालनं ते ओळखलं आणि गुळाचा खडा फोडून तिच्या तोंडात घातला.

रेणूचं लग्न मे महिन्यात झालं. सुशिलाबाईनं कुरड्या पुन्हा केल्या होत्या, आणि धुरपताला त्या कामाला हात लावू दिला नव्हता, नुसतं सावलीत बसवून चहा पाजला होता. पंगत बसली तेव्हा धुरपता वाढायला उठली, तर सुशिलाबाईनं तिला खांद्याला धरून पुन्हा पत्रावळीपुढे बसवलं. तिनं भात वाढला, वरण वाढलं, मूठभर कुरड्या ठेवल्या आणि पुढे सरकली. धुरपतानं पत्रावळीकडे पाहिलं, डोळे मिटून प्रभूचे आभार मानले, आणि मग सुशिलाबाईला हाक मारून म्हणाली, "काव, अजून एक कुरडई वाढ."