कॉम्प्युटरमधले अप्पाराव

विजयादशमीपासून कुवेंपुनगरातल्या आमच्या घराच्या दारात चपलांचा ढीग पडू लागला. तळमजल्यावरच्या जमुनाकाकूंच्या कॉम्प्युटरमध्ये त्यांचे दिवंगत यजमान प्रकटले होते! बटण दाबलं, की नेहमीच्या चित्रांऐवजी पडदाभर अप्पारावांचा हसरा चेहरा यायचा आणि आवाज यायचा, "जमुने, कॉफी आयता, झाली का? गोळी घे हं." लोक हात जोडून रडायचे.

मी वरच्या खोलीत भाड्याने राहते, साताऱ्याहून या कानडी मुलखात नोकरीसाठी आलेली. कॉम्प्युटरवरच पोट भरते, त्यामुळे हे ऐकून डोकंच फिरलं.

तेवढ्यात येलवालचे पद्मनाभस्वामी आले. "आत्मा यंत्रात अडकलाय! हा मीच बोलावला! वीज म्हणजे काय? प्राण! माऊस म्हणजे काय? गणपतीचं वाहन! सोमवारी यंत्र मठात नेतो, मुक्ती देतो." स्वामींच्या मठाला कॉम्प्युटरची गरज असावी. मी गुपचूप मोबाइलवर ते प्रवचन टिपून ठेवलं.

रविवारी गर्दी पांगल्यावर खाली गेले. काकू कॉम्प्युटरसमोर बसून होत्या.

"उद्या नेतील बघ. मग घरात आवाजच नाही गं. पण त्यांचा जीव अडकलाय म्हणतात, मी कशी अडवू?"

मीही वर मोबाइल समोर ठेवूनच जेवते.

"आत बघू का, काकू?"

"बघ. त्यांना त्रास नको देऊस पण."

फार शोधावं लागलं नाही. कॉम्प्युटर सुरू होताना आधी काय दाखवायचं, हे आपल्याला ठरवता येतं. इथे नेहमीच्या पडद्याऐवजी अप्पारावांचा फोटो आणि आवाज लावलेला होता. काका उन्हाळ्यात गेले. हा बदल त्याच्या थोडा आधीचा. मग इतके महिने तो दिसला का नाही? कारण काका कॉम्प्युटर बंदच करत नसत, फक्त पडदा मालवत. इन्व्हर्टरवर तो तसाच चालू राहिला. या रंगाऱ्यांच्या घरात पूर्वी नवमीच्या आयुधपूजेला कापड रंगवायची पातेली पुजत, आता कॉम्प्युटर पुजतात. पूजेसाठी काकूंनी तो प्रथमच पूर्ण बंद केला आणि दसऱ्याला सुरू केला.

सोमवारी फाटकाशी टेम्पो उभा राहिला, स्वामी आत येऊन खुर्चीत बसले. मी सर्वांसमोर बटण दाबलं. पडद्यावर साक्षात स्वामी! "हा मीच बोलावला!"

"स्वामी, तुम्ही तर इथे खुर्चीत बसलाय," मी म्हटलं. "मग आत कोण अडकलंय?"

शेजारचे गणपतराव आधी हसले. "होगि बन्नी, स्वामी!" त्यांनी हात जोडून निरोप दिला. टेम्पो रिकामाच परतला. मग मी सेटिंग उघडून, रात्री काकांच्या जागी ते प्रवचन कसं लावलं, हे सगळ्यांना दाखवलं.

काकू हळूच म्हणाल्या, "हौदा, खरंच? म्हणजे ते नव्हतेच?"

"नव्हते, काकू. पण तुम्हाला ती चित्रं उमगत नाहीत, म्हणून काकांनी जिवंतपणी, स्वतःच्या हातांनी हे करून ठेवलं. यात आत्मा नाही. तुमची काळजी आहे."

त्या खूप वेळ रडल्या. मी काकांचा फोटो आणि आवाज पुन्हा जागेवर लावला.

नवल दिसलं तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हे कोणी केलं आणि कसं? आणि शेजारी कोणी एकटं असेल तर त्याची विचारपूस करा. आपण गेलो नाही, की बुवा जातो.

"सकाळी ते विचारतात, ते साकु, पुरे मला," काकू म्हणाल्या. "पण मी बोललेलं ऐकत नाहीत बघ."

आता संध्याकाळी मी खाली जाते. गर्दी केव्हाच ओसरली. दारात चपलांचा एकच जोड असतो, माझा.