बारा गाड्या आणि ग्रीसचा डबा

आमच्या वाडीत भैरवनाथाच्या यात्रेला बारा गाड्या ओढतात. एकीला एक बैलगाडी जोडायची, वर माणसं कोंबायची आणि एवढा लवाजमा एकट्या माणसानं कमरेला दोर बांधून देवळापर्यंत न्यायचा. हा मान माझ्या सासऱ्यांचा, बाळाजी आबांचा. घरोघरचे बैल गेले, पोरं चाकणच्या कंपन्यांत लागली, गाड्या मात्र यात्रेसाठी राखून ठेवल्यात. मी शहरातली, काळेवाडीची. लग्न होऊन आले तेव्हा मला हा शुद्ध वेडेपणा वाटला होता आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतो.

यंदा आबांचे गुडघे पार गेले होते. ओट्याच्या पायऱ्या चढतानासुद्धा भिंत धरायचे. सासूबाईंनी, म्हणजे सरुबाईंनी, हात जोडले. "औंदा मान दुसऱ्याला द्या."

"गाड्या हलल्या न्हाईत तर दीन," आबा म्हणाले. म्हाताऱ्यांच्या हट्टापुढं लहान मुलं परवडली.

माझा नवरा ज्ञानेश गिअरबॉक्सच्या कारखान्यात आहे. यात्रेच्या आदल्या दिवशी तो ग्रीसचा डबा घेऊन आला. एकेक चाक काढून त्यानं आस घासले, ग्रीस भरलं. "सगळा जोर गाडी हलेपर्यंतच लागतो गं," तो म्हणाला. "त्यात हे आस कोरडे, घासून घासून अडतात. घर्षण कमी झालं की आबा नुसते पुढं झुकले तरी भागेल." आबांना सांगायचं नाही असं ठरलं. मी चहा करून दिला, नवऱ्याचं तोंडभर कौतुक केलं. हललेल्या गाड्या थांबणार कशा, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुलाल उधळला आणि आबा झुकले. दरवर्षी कुरकुरणाऱ्या गाड्या यंदा आवाज न करता सुटल्या. आबांनी वळून पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला भरून आलं. मग ते चालतच राहिले. देवळाकडं जमीन जराशी उतरती आहे. माणसांनी भरलेल्या बारा गाड्यांनी वेग धरला. पायरीपाशी आबा थांबले, गाड्या थांबल्या नाहीत.

आरतीचं ताट घेऊन पहिल्या गाडीत बसलेल्या सासूबाईंना आधी कळलं. ताणलेला दोर सैल पडला होता.

"आवो, सरका!" त्या ओरडल्या. पण सरकणार कुठं? पुढं पायरी, दोन्हीकडं गर्दी आणि ते गुडघे. सासूबाईंनी ताट टाकून दिलं. "उतरा समदी! मागनं धरा!"

माणसं भराभर खाली उड्या मारू लागली. ज्ञानेश शेवटच्या गाडीला लटकून मातीत टाचा रोवत होता. मी पदर खोचून मिळेल ती गाडी धरली. सगळ्यांना फरफटत नेलं गाड्यांनी. थांबल्या तेव्हा पहिल्या गाडीचं जू आबांच्या पाठीला टेकलं होतं.

आबा पायरीवर बसले. ज्ञानेश त्यांच्या पायाशी कोसळला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "आबा, ग्रीस मी भरलं. तुम्हाला त्रास नको म्हणून."

आबांनी त्याच्या फाटलेल्या बुटांकडं पाहिलं. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"दर साली पोरं मागनं ढकलत्यात," ते हळूच म्हणाले. "मला ठावं हाय. त्ये बोलत न्हाईत, मी बी बोलत न्हाई. मला मागं वढणारं आज पयल्यांदा कुनी भेटलं."

सासूबाई त्यांच्याजवळ बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "मग आता तरी मान द्याल का न्हाई?"

"दिला," आबा म्हणाले. "कमरंची गाठ सोड."